जेटचे चाळीस तास कुठल्या रकान्यात?

महोदय,

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या करिअर पुरवणीत वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी लेख होता. लेख चांगला होता. त्याला लागूनच पाव पानाची जाहिरात होती : 'जेट ओरिएंटेशन कोर्स, ४० तास जेट अनुभवासह.' ते तास कसले, हे ना लेखात होतं ना जाहिरातीत. ते समजून घ्यायला मला दोन वर्षं आणि पाच लाख ऐंशी हजार रुपये लागले, म्हणून हे पत्र.

मी एका सहकारी बँकेत ३१ वर्षं कॅशियर होतो. विमानातलं मला ओ की ठो कळत नाही. रकाने मात्र कळतात. मुलगी २०२३ मध्ये फ्लोरिडात विमान शिकायला गेली तेव्हा दर रविवारी ती लॉगबुकाच्या, म्हणजे उड्डाणाच्या तासांच्या नोंदवहीच्या, पानाचा फोटो पाठवायची आणि मी इथे कराडात बसून बेरजा तपासायचो. पहिल्याच पानावर आमचं वाजलं. तिनं १.३ लिहिलं होतं, मी ते एक तास तीन मिनिटं धरलं. "पप्पा, ते दशांशात असतं. १.३ म्हणजे एक तास अठरा मिनिटं." तिकडे तासाचे दहा भाग करून लिहितात, आपल्याकडे तास आणि मिनिटं. भारतातल्या परवान्यासाठी ती सगळी पानं पुन्हा तास-मिनिटांत उतरवताना माझी जुनी सवय कामी आली.

तर त्या लॉगबुकात, सेसना १७२ या शिकण्याच्या छोट्या विमानाच्या लांबलचक रांगेत, एके दिवशी एक ओळ वेगळी आली. विमान एल-३९, वेळ ०.८. हे जुन्या चेकोस्लोव्हाकियातलं लष्करी प्रशिक्षण जेट. पहिलं उड्डाण १९६८ चं. पुढे-मागे दोन खुर्च्या. लष्करांनी निवृत्त केलेली अशी बरीच विमानं अमेरिकेत हौशी लोकांकडे आहेत. मुलीच्या प्रशिक्षकाच्या एका ओळखीच्याकडे ते होतं आणि तो स्वतःही त्या विमानाचा रीतसर प्रशिक्षक होता. पोरीची हौस बघून त्यानं एक धडा फुकट दिला. तेव्हा तिच्या नावावर जेमतेम ३४ तास होते, साधा खासगी परवानाही हातात नव्हता.

माझा पहिला प्रश्न अर्थातच असा : शिकाऊ मुलीनं जेटचे तास लिहायचे तरी का? ते चालतं का? चालतं, पण कुठे लिहिता यावर सगळं आहे. तिकडचा नियम (६१.५१) असा, की परवानाधारक प्रशिक्षकानं शिकवलेला वेळ 'ड्युअल' म्हणजे प्रशिक्षकासोबतच्या रकान्यात जातो. त्याच्यासमोर काय शिकवलं, किती वेळ शिकवलं, प्रशिक्षकाची सही आणि त्याचा परवाना क्रमांक हवा. 'पायलट इन कमांड', म्हणजे विमानाची जबाबदारी ज्याची त्या वैमानिकाचा रकाना, शिकाऊला फक्त तो विमानात एकटा असेल तेव्हाच उघडतो. त्या उड्डाणात दांडी बहुतेक वेळ हिच्याच हातात होती, तरी त्या रकान्यात शून्य. मला वाटलं होतं जेटसाठी काही खास रकाना असेल. नाही. एल-३९ ला इंजिन एकच, म्हणून ती ओळ मुकाट्यानं सेसनांच्याच एक-इंजिनी रकान्यात बसली.

तिच्या खोलीतली मैत्रीणही नंतर तसल्याच विमानात बसून आली. पण तिला नेणारा नुसता वैमानिक होता, प्रशिक्षक नव्हता. तिच्या लॉगबुकात काहीच आलं नाही. ती प्रवासी. दोघी तेवढाच वेळ हवेत होत्या, दोघींनी दांडी धरली होती, एकीचे ०.८, दुसरीचे शून्य. मैत्रिणीला कुणीतरी सल्ला दिला, लिहून टाक, कोण बघतंय. वैमानिकांत अशा तासांना गमतीनं 'पार्कर टाइम' म्हणतात म्हणे, पार्कर पेननं उडवलेले. मला निवृत्तीच्या दिवशी स्टाफनं पार्करच दिलं होतं. त्या पेननं मी लॉगबुकाला कधी हात लावला नाही. (लिहिणारी मुलगीच होती, पण तरी.)

त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत ती काय शिकली, ते तिनं फोनवर सांगितलं. सेसनात इंजिनाची ताकद वाढवणारा दट्ट्या पुढे सारला की इंजिन लगेच ओरडतं. जेटमध्ये आधी सारायचा आणि मग काही सेकंद वाट बघायची. टर्बाइन सावकाश वेग पकडतं. म्हणजे गरज पडायच्या आधीच ताकद मागावी लागते. सेसना धावपट्टीकडे ६५ नॉटनं (ताशी ६५ सागरी मैल) येते. या विमानात दहा हजार फुटांखाली २५० नॉटची कायदेशीर मर्यादा पाळण्याकडे लक्ष द्यावं लागत होतं. "डोकं विमानाच्या मागे राहिलं होतं, पप्पा," असं म्हणाली.

परत आल्यावर तिनं आपल्याकडचा व्यावसायिक परवाना घेतला. त्यासाठी २०० तास उड्डाण लागतं. त्यात केवळ उपकरणांवर विसंबून चालवण्याचे १० तास, आणि त्या दहातले जास्तीत जास्त पाच सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, चालतात. नियमच सांगतो की सिम्युलेटर कुठे आणि किती मोजायचा. तिचे प्रत्यक्ष तास २१२ होते.

मग नोकरी मिळेना, म्हणून जेट ओरिएंटेशन कोर्स. संस्थेचं नाव लिहीत नाही. कोर्स वाईट नव्हता, हे आधी सांगतो. ए-३२० या एअरबसच्या प्रवासी जेटच्या सिम्युलेटरवर तिनं खरोखर कामाचं शिक्षण घेतलं. एक हिशोब तर मलाही आवडला : खाली उतरताना दर हजार फुटांना तीन सागरी मैल धरायचे. छत्तीस हजार फुटांवर असाल तर मुंबईच्या अलीकडे १०८ सागरी मैलांवर, म्हणजे साधारण २०० किलोमीटरवर, उतरायला लागायचं. नकाशावर सरळ रेघ मारली तर ते अंतर बरोबर साताऱ्याला येतं. गच्चीवरून उंचावरचं विमान दिसलं की आता मी ते गणित करत बसतो, आणि बायको वैतागते.

पण शेवटी प्रमाणपत्र आलं : '४० तास जेट'. मी सत्रांचं वेळापत्रक काढून बसलो. दहा सत्रं, प्रत्येकी चार तास, दोन विद्यार्थी मिळून. म्हणजे दोन तास ही चालवणार आणि दोन तास शेजारी बसून रेडिओ व चेकलिस्ट सांभाळणार. शेजारी बसून करायचं कामही शिकण्यासारखं असतं, मान्य. तरी प्रत्यक्ष चालवलेले तास वीस. आणि ते वीससुद्धा उड्डाणाचे नव्हेत. उड्डाणाचा वेळ म्हणजे विमान उडण्यासाठी जागचं हललं तेव्हापासून उड्डाण संपून थांबेपर्यंत. सिम्युलेटर पायांवर कितीही डुलला तरी जागचा हलत नाही.

तिथल्या समुपदेशक बाईंनी मुलीला सांगितलं, एकूण बेरजेत धरा, २५२ दिसतात, सगळेच धरतात. मुलीनं धरले नाहीत. सिम्युलेटरच्या रकान्यात लिहिले, एकूण २१२ च ठेवले. शिवाय हा कोर्स म्हणजे टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान चालवायची मान्यता, नव्हे. ए-३२० चालवायला ते वेगळं घ्यावंच लागतं, त्याचे पैसे वेगळे. हे आम्हाला फी भरल्यावर कळलं. एका मुलाखतीत लॉगबुक चाळणाऱ्या कॅप्टननी एल-३९ च्या त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे काय? तिनं सांगितलं, त्यांनी प्रशिक्षकाची सही पाहिली आणि पान उलटलं. नोकरी त्या ०.८ नं मिळाली नाही, पण प्रश्न तिथेच संपला. चाळीस तास बेरजेत असते तर तो तिथे संपला असता का?

२०११ साली आपल्याकडे खोट्या गुणपत्रिकांवर आणि न उडालेल्या तासांवर परवाने मिळवल्याची प्रकरणं निघाली होती, अटका झाल्या होत्या. एकविसाव्या वर्षी 'सगळेच धरतात' ऐकून बेरीज फुगवणाऱ्या पोराला आपण काय करतोय हे कळतही नसेल. कागद मात्र त्याच्या सहीचा असतो, संस्थेच्या नाही.

माझी मागणी मोठी नाही. विमान वाहतूक महासंचालनालयानं अशा कोर्सच्या माहितीपत्रकावर तीन गोष्टी छापायला लावाव्यात : तास सिम्युलेटरचे आहेत, दोघांत मिळून किती आणि एकट्याचे किती, आणि हे टाइप रेटिंग नाही. आणि तोवर आपण आपल्या जाहिरात विभागाला 'जेट अनुभव'च्या पुढे 'सिम्युलेटर' हा एक शब्द मागून घ्यायला सांगावं. शब्दामागे दर लागत असेल तर या एका शब्दाचे मी देतो.

मुलीच्या मुलाखती अजून चालू आहेत, तेव्हा नाव छापू नये ही विनंती.

— एक निवृत्त कॅशियर, कराड