सुमे, आधी एक वही घे

प्रिय सुमे,

तुझे व्हॉइस मेसेज ऐकले, एक तर चालत्या रिक्षात रेकॉर्ड केलायस, अर्धा नुसता हॉर्न आहे. फोन केला तर आपण दहा मिनिटांत तुझ्या सासूबाईंवर घसरणार हे ठरलेलं, म्हणून सरळ लिहायला बसले. तुम्ही चार-पाच जणी मिळून कोल्हापुरात जयंती नाल्यावर आणि पुढे पंचगंगेवर पाणी तपासणार हे ऐकून लई भारी वाटलं (बघ, तुमची भाषा आलीच). पण पहिलाच प्रश्न काय तर कुठलं मशीन घेऊ? अगं मशीन राहू दे. आधी एक वही घे, जाड पुठ्ठ्याची, आणि तीन जागा ठरव. एक नाल्याच्या वर, एक नाला नदीला मिळतो तिथून जरा खाली, आणि एक बरीच खाली. त्या जागा परत बदलायच्या नाहीत, कुणी कितीही म्हणालं की पलीकडं जास्त घाण आहे तिथं जाऊ, तरी नाही. जास्त घाण शोधत फिरणं वेगळं आणि हे वेगळं.

आमची रामनदी तुला माहितीये का, तू पुण्यात होतीस तेव्हा आपण तिला पाषाणचा नाला म्हणायचो. खाटपेवाडीच्या तलावाकडून निघते, भुकूम, भूगाव, बावधन करत पाषाण तलावात शिरते, तिथून सुतारवाडी, सोमेश्वरवाडी, बाणेर, आणि औंधला मुळेला मिळते. पुरती २० किलोमीटरसुद्धा नाही पण तेवढ्यात सगळं बघायला मिळतं. वर भुकूमच्या बाजूला पावसाळा संपता संपता गुडघाभर पाण्यात उतरून एखादा दगड उलटा केला की खाली चिकटलेले मेफ्लाय नावाच्या किड्याचे पोरटे दिसतात, चपटे, बहुतेकांना मागं तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले हलत असतात, आणि वाळूचे कण चिकटवून स्वतःपुरती नळी बांधून राहणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या. हे किडे भरपूर ऑक्सिजन असल्याशिवाय टिकत नाहीत. तीच नदी खाली सोसायट्यांच्या मागं बघ, दगड उचलला की काळा गाळ आणि त्यात वळवळणाऱ्या लालभडक अळ्या. त्या लाल असतात कारण त्यांच्या अंगात चक्क हिमोग्लोबिन असतं, म्हणून जिथं दुसरं कोणी जगत नाही तिथं त्या मजेत. यासाठी मशीन लागत नाही, एक पांढरा ट्रे, एक गाळणी आणि जुना टूथब्रश. शाळेतल्या पोरांना तर हेच आवडतं, पीएचच्या पट्टीकडं कोण बघतंय.

तरी केमिकलवालं पण सांगते कारण तू केमिस्ट्रीची, तुला राहवणार नाही. विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, आम्ही विंकलरच्या पद्धतीनं काढतो, आपण एस. वाय. ला केलेली तीच. बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत एकही बुडबुडा नको, पुलावरून बादली सोडून धबाधबा ओढलेलं पाणी चालत नाही कारण ओढताना त्यात हवा मिसळते. मग मँगनीज सल्फेट, मग अल्कली आयोडाइड, बूच लावून बाटली वरखाली. वरच्या जागेवर दाट तपकिरी साका येतो, आपल्या गुळाच्या काकवीच्या रंगाचा. एका नाल्याच्या तोंडाशी ऐन मे महिन्यात केलं तर साका पांढराच राहिला. दुधासारखा पांढरा. सोबत आलेल्या काकांना वाटलं केमिकल खराब झालं, म्हणाले दुसरी बाटली काढ. केमिकल काही खराब नव्हतं, पांढरा म्हणजे त्या पाण्यात ऑक्सिजनच नाही. ते काका रिटायर्ड बँकवाले, आकड्यांवर विश्वास ठेवणारे, पण त्यांना पटलं ते त्या रंगानं. त्यानंतर ते कधी चुकले नाहीत. घरी किंवा लॅबमध्ये ॲसिड घालून पुढचं टायट्रेशन, २०० मिली नमुना आणि ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट घेतलंस की जेवढे मिली थायोसल्फेट लागलं तेवढा ऑक्सिजन, लिटरला मिलिग्रॅममध्ये, हिशोबाची कटकटच नाही.

आता महत्त्वाचं, वेळ. आमच्याकडं एक कॉलेजचा मुलगा दुपारी दोनला गेला आणि उड्या मारत आला की डीओ ११ आलाय, नदी सुधारली! आता पुण्याच्या उंचीवर २५ अंशाच्या पाण्यात हवेतून विरघळून फार तर पावणेआठच्या आसपास ऑक्सिजन मावतो, मग ११ कुठून आला? शेवाळातून. सांडपाण्यातलं नायट्रेट, फॉस्फेट खाऊन शेवाळ माजतं, दिवसा उन्हात ते ऑक्सिजन ओततं आणि रात्रभर तेच शेवाळ आणि बॅक्टेरिया मिळून तो खाऊन टाकतात. त्याच जागेवर पहाटे गेलास तर दीड-दोन मिळेल असं त्याला म्हटलं, गेला बिचारा थंडीत, आणि तसंच मिळालं. मासे दुपारच्या ११ डीओवर जगत नाहीत, पहाटेच्या दीड डीओवर मरतात. म्हणून आम्ही सूर्य उगवायच्या सुमारासच जातो, आणि वहीत वेळ लिहिल्याशिवाय आकडा लिहायचाच नाही असा नियम आहे. ज्यानं वेळ लिहिली नाही त्याच्याकडून सगळ्यांना चहा.

तुमच्याकडं अजून एक कॉलम घाल, बरगे, म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवायला घालतात त्या फळ्या. राजाराम बंधारा काय किंवा खालचे बंधारे काय, बरगे घातलेले असताना पाणी साचून हिरवं पडतं आणि काढले की सगळा गाळ ढवळत खाली जातो. तेरवाड बंधाऱ्याजवळच्या मेलेल्या माशांचे फोटो दर थोड्या वर्षांनी पेपरात येतात, खाली लिहिलेलं असतं मळीमिश्रित पाणी, आणि मग कारखाना म्हणतो आम्ही नाही, महापालिका म्हणते आम्ही नाही. त्या आठवड्यात बरगे कधी काढले, गाळप चालू होतं का, वरून पाणी सोडलं होतं का, हे कुणाकडं लिहिलेलंच नसतं. तुमच्याकडं असेल. पहिल्या पावसाचं पण असंच आहे, लोकांना वाटतं पाऊस आला की नदी धुऊन निघाली, पण पहिला जोरदार पाऊस रस्त्यावरचं, गटारातलं, तळाचं सगळं एकदम पाण्यात आणतो आणि ऑक्सिजन धाडकन खाली येतो. वर्षातलं एकच रीडिंग घ्यायचं म्हणलीस तर मी तेव्हाचं घेईन.

आता तू विचारशील, प्रदूषण नियंत्रण मंडळ मोजतंच की, आपण कशाला? मोजतं. महिन्यातून एकदा, ठरलेल्या ठिकाणी, मोठ्या नद्यांवर, दिवसाउजेडी. त्यातूनच ती यादी निघते, २०१८ ला केंद्रीय मंडळानं देशात ३५१ प्रदूषित नदीपट्टे दाखवले त्यातले ५३ आपल्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. २०२२ ला देशाचे ३११ झाले आणि आपले ५५. देशाची यादी कमी झाली आणि आपली वाढली, घ्या! त्यांचे आकडे मी वाईट म्हणत नाही, उलट आमच्या आकड्यांपेक्षा ते पक्के, लॅब आहे, माणसं आहेत. पण नाला, ओढा, सोसायटीच्या मागचा पाइप हे त्यांच्या नकाशात नाही, आणि रात्री साडेअकरा ही वेळ तर नाहीच नाही.

आणि हे पण आधीच सांगून ठेवते म्हणजे नंतर हिरमोड नको. तू भरलेल्या बाटलीला कोर्टात किंमत शून्य. पाणी कायदा १९७४, कलम २१, अधिकाऱ्यानं समोरच्याला नोटीस द्यायची, त्याच्या देखत नमुना घ्यायचा, दोन भाग करायचे, सील, सही, मग लॅब, तरच तो पुरावा. आमच्या ग्रुपमधले दोघंतिघं हे कळल्यावर सोडूनच गेले, म्हणाले मग उपयोग काय. मला उलटं वाटतं. अधिकाऱ्याकडं बाटली आहे, शिक्का आहे, पण कधी यायचं हे त्याला कोण सांगणार? आमच्या इथं एक मोठी सोसायटी आहे, नाव लिहीत नाही, तिथं स्वतःचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आहे, तपासणीला कुणी आलं की पाणी स्वच्छ. वहीत मात्र दिसायला लागलं की खालच्या जागेवर शनिवार-रविवार पहाटेचे डीओचे आकडे पडतात आणि कंडक्टिव्हिटी (पाण्यात विरघळलेले क्षार किती त्याचं माप) चढते, इतर दिवशी ठीक. मग दोघी-दोघी मिळून रात्री तासातासानं कंडक्टिव्हिटी घेतली, पेनसारखं मीटर असतं, पाण्यात बुडवायचं की झालं. अकरानंतर आकडा वर. वहीच्या पानांचा फोटो काढून तक्रारीला जोडला, शिव्या नाहीत, आरोप नाहीत, नुसती जागा, वेळ, आकडे. आणि गंमत म्हणजे यावेळी फोन आला, कधी येऊ म्हणून! विजेचं बिल वाचवायला त्या रात्री एसटीपीतले हवा सोडणारे ब्लोअर बंद ठेवत होते. काही महिने सुधारलं. आता दुसऱ्या पाइपातून येतंय, तो तिसऱ्या जागेच्या वर आहे, बघतोय आम्ही.

तुझ्या प्रश्नांची फुटकळ उत्तरं देते. घरातला आरओवाल्याचा टीडीएस पेन चालेल का? सुरुवातीला चालेल, पण तो फक्त क्षार सांगतो. पाण्यात जंतू गच्च भरलेले असले तरी टीडीएस छान येऊ शकतो, हे ग्रुपवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव नाहीतर कुणीतरी "पाणी ओके" असा मेसेज फिरवेल. जंतूंसाठी एच टू एसची बाटली मिळते, पाणी भरून दिवस-दोन दिवस खोलीत ठेवायची, काळी झाली तर विष्ठेचा अंश आहे असं धरायचं. तुझ्या माहेरी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचार, त्यांना हे सगळं ठाऊक असतं, पाण्यात टाकायची टीसीएल ब्लीचिंग पावडर, क्लोरीन बघायची ओटी टेस्ट, सगळं. फक्त नाल्याची बाटली काळी होणारच, त्यात बातमी नाही, ती विहिरी-बोअरसाठी वापर. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण खाताना जंतू किती ऑक्सिजन वापरतात ते माप, घरी करायच्या भानगडीत पडू नकोस, २७ अंशाला अंधारात ३ दिवस ठेवावं लागतं, ते तुझ्या कॉलेजच्या लॅबवर ढकल.

आकडा बरा की वाईट हे ठरवायला एकच माप लक्षात ठेव, अंघोळीच्या पाण्याचा सरकारी निकष, डीओ ५ किंवा जास्त, बीओडी ३ किंवा कमी, पीएच ६.५ ते ८.५. पिण्याचं सोड, डुबकी मारायला एवढं लागतं. आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगत असतो आणि आमचे वारकरी त्यातच स्नान करतात. तुमच्या नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते तिथं काय येतं ते एकदा मला मोजून सांग, मला खरंच बघायचंय.

लोकांचं म्हणशील तर, जानेवारी २०२५ ला इकडं सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराची साथ आली, रुग्णांच्या नमुन्यात कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला, तेव्हा आमच्या दारात बिसलेरीच्या बाटल्यांची रांग लागली, ताई आमचं नळाचं बघा. आम्ही नदीवाले, पिण्याच्या पाण्याची खात्री आम्ही देऊ शकत नाही हे सांगून सांगून घसा बसला. साथ ओसरली, रांगही गेली. पण त्यातल्या दोघी टिकल्या, एक तर पोळी-भाजीचा डबा देणारी आहे, पहाटे उठायची तिला सवयच, आता आमच्यात सगळ्यात नीट वही तिची असते. माझं मत सांगू? पर्यावरणवाले शोधू नकोस. रोज नदीवरून जाणारे, रोज लवकर उठणारे शोध. दूधवाला, कुस्तीच्या तालमीतली पोरं, घाटावर पोहायला येणारे म्हातारे. त्या म्हाताऱ्यांना पाणी कधी बिघडलं ते अंगाला खाज सुटून कळतं, तुझ्या मीटरच्या आधी.

पावसाळ्यात पाणी चढलं असेल तर सरळ घरी बसायचं, त्या तारखेपुढं "पाणी जास्त, गेलो नाही" एवढं लिहायचं, तेही रीडिंगच आहे. हातमोजे घालायचे, पायाला जखम असेल तर पाण्यात उतरायचं नाही, लेप्टो, म्हणजे घाण पाण्यातून होणारा ताप, हे काही थट्टेचं प्रकरण नाही.

माझ्याकडं जुना ट्रे, दोन गाळण्या आणि एक जास्तीचं कंडक्टिव्हिटी मीटर आहे ते पाठवते. ॲसिड कुरिअरवाले घेत नाहीत, ते लॅबमधून माग, आणि माणसं जमली की मला आधी तीन जागांचे फोटो टाक, पुलाचा खांब किंवा घाटाची पायरी अशी खूण दिसेल असे. मधली जागा मला जरा नाल्याच्या फार जवळ वाटतेय तुझ्या वर्णनावरून, पाणी मिसळल्यानंतरची हवी, पन्नासेक पावलं खाली सरक.

आईला नमस्कार सांग. पांढरा रस्सा कधी खिलवतेस ते पण कळव.

तुझी,
मधू

ता. क. पहिल्या दिवशी पेपरवाल्यांना बोलवू नका म्हणतेय मी, तुझ्या जाऊबाई काहीही म्हणोत. वहीची निदान दहा-बारा पानं भरू दे.