नर्सरीतल्या मावशींना, कंद दाबून बघायला शिकवल्याबद्दल

आदरणीय मावशी,

सप्रेम नमस्कार.

नर्सरीत येणारा प्रत्येक जण तुम्हाला मावशीच म्हणतो, म्हणून आम्हीही तेच लिहितो. जुलैच्या ऐन पावसात आमच्या सोसायटीच्या गच्चीबाग गटाने हार्टच्या वेलीच्या नऊ कुंड्या तुमच्यापुढे आणून ठेवल्या होत्या. पानं लुळी, देठ काळपट, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न: कोणतं औषध मारायचं? तुम्ही औषध दिलं नाहीत, खत दिलं नाहीत. बोटाने वरची माती बाजूला सारलीत, कंद अंगठ्याने दाबलात आणि म्हणालात, "पानाला काय विचारता, कंदाला विचारा." तुमचा व्यवसाय रोपं विकण्याचा, नऊ नवी रोपं त्या दिवशी सहज खपली असती. त्याऐवजी तुम्ही जुनी वाचवायला शिकवलंत. त्याबद्दल आम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. हे चारचौघांत लिहितोय, कारण ही वेल आता घरोघरी खिडकीत टांगलेली दिसते आणि पावसाळ्यात बहुतेक ठिकाणी एकाच चुकीने जाते.

नर्सरीत जिला ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ म्हणतात ती ही सेरोपेजिया वुडी, मूळची दक्षिण आफ्रिकेची. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन मेडली वुड यांना १८८१ मध्ये तिथल्याच नाताळ नावाच्या प्रदेशात ती खडकांवरून लोंबताना सापडली आणि १८९४ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ श्लेख्टर यांनी तिला वुड यांचंच नाव दिलं. तुमचं सगळं सांगणं त्या खडकाशी येऊन थांबतं. फटीत माती असून असून किती, मूठभर. पाऊस आला की पाणी येतं आणि लगेच निथळून जातं. मधल्या कोरड्या दिवसांची सोय वेलीने कंदात करून ठेवलेली असते, थोडी पानांत. तिला पाणी हवं असतं, पण साचलेलं अजिबात चालत नाही.

पान लुळं पडण्याची दोन अगदी उलट कारणं असतात, हे तुम्ही दोन कंद शेजारी ठेवून दाखवलंत. तहानलेल्या वेलीची पानं पातळ होतात, सुरकुततात, पण त्यांची चंदेरी नक्षी शाबूत असते. तिचा कंद दाबला तर थोडासा दबतो, साल मात्र घट्ट असते. सडायला लागलेल्या वेलीची पानं पिवळट आणि काचेसारखी आरपार दिसतात, नुसता हात लागला तरी गळतात. देठ मातीलगत तपकिरी होतो, कंद दाबला की पिचपिचीत लागतो, कधी आंबूस वासही येतो. निरोगी कंद सुपारीसारखा टणक. आणि मुळं कुजली की कुंडीत पाणी असूनही ते वर चढत नाही. म्हणजे चिखलात बसलेली वेलसुद्धा वर तहानलेलीच दिसते. घरातलं माणूस ते बघून आणखी एक तांब्या ओततं आणि उरलंसुरलं कामही होऊन जातं. आमच्या नऊपैकी सात कुंड्यांत हेच झालं होतं.

वाचवायची रीत इथे नीट लिहून ठेवतो. कंद बाहेर काढून सगळी माती झटकायची, धुवायचं नाही. कुजलेला भाग धारदार ब्लेडने कापत जायचं, आतला गर पांढरट आणि कोरा दिसेपर्यंत. प्रत्येक कापानंतर ब्लेड स्पिरिटने पुसायचं, नाहीतर आपणच सड पुढे नेतो. कापलेल्या जागी गंधकाची पूड लावून कंद वर्तमानपत्रावर सावलीत तीन-चार दिवस ठेवायचा, जखमेवर कोरडी खपली धरेपर्यंत. मग कोरड्या मिश्रणात अर्धा आत, अर्धा बाहेर असा बसवायचा आणि आठवडाभर पाणी घालायचं नाही. हे शेवटचंच सगळ्यांना जड जातं. कंद पूर्ण गेला असेल तर काळ्या भागाच्या चार-पाच सेंटिमीटर वरून वेल कापायची आणि तिच्यापासून नवी रोपं करायची.

मिश्रणाचं प्रमाण तुम्ही टमरेलाने मोजून दिलं होतंत: एक टमरेल धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक जाड नदीची वाळू, एक विटांचे बारीक तुकडे किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे हलके खडे), आणि अर्धं टमरेल गांडूळखत. विटा फोडल्या की रव्याच्या चाळणीने चाळून भुकटी टाकून द्यायची. ती राहिली तर पाण्याबरोबर खाली जाऊन भोकाशी गारा होतो. नुसत्या कोकोपीटमध्ये भरून आलेली रोपं जशीच्या तशी टांगणं हे पुण्याच्या पावसाळ्यात फार धोक्याचं, कारण हवेत दमटपणा असला की ते आतून पंधरा-पंधरा दिवस ओलंच राहतं. कुंडी उथळ हवी. चार इंच रुंद, तीन इंच खोल पुरते. मातीची असेल तर उत्तम.

टांगायच्या प्लॅस्टिक कुंडीची बुडाला चिकटवलेली बशी ही आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. तुम्ही ती पटकन काढलीत आणि आतून अर्धी वाटी जुनं, हिरवट पाणी निघालं. वरची माती कोरडी, खाली मुळं पाण्यात! आता सोसायटीतल्या सगळ्या टांगत्या कुंड्यांच्या बशा काढून टाकल्या आहेत. पाणी बेसिनमध्ये नेऊन घालतो, पूर्ण निथळू देतो आणि मगच कुंडी परत टांगतो.

पाण्याचं वेळापत्रक तुम्ही कधीच दिलं नाहीत, पानाची खूण दिलीत. देठाकडचं जुनं पान दोन बोटांत धरून हलकेच दुमडायचं. ताठ राहिलं तर पाणी नको. मऊपणे दुमडलं आणि कंद टणक असला, तर भोकातून वाहेपर्यंत भरपूर पाणी. चमचा-चमचा शिंपडणं निरुपयोगी. वरचा थर ओला होतो, मुळं कोरडीच राहतात. या हिशेबाने आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये आठवड्याला एकदा, पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी आणि डिसेंबर-जानेवारीत जवळपास तितक्याच अंतराने पाणी लागतं. दुसऱ्या घरात, दुसऱ्या खिडकीत हे आकडे बदलतील. पानाची खूण बदलणार नाही. खताचं थोडक्यात: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही फक्त वेल वाढत असताना. सडून उठलेल्या कंदाला नवी पालवी येईपर्यंत काहीच नाही.

उजेडाबद्दल. सकाळचं दोन तास कोवळं ऊन आणि बाकी दिवसभर भरपूर उजेड मिळाला की पानं दाट येतात. उजेड कमी पडला की पानांच्या दोन जोड्यांमधलं अंतर वाढत जातं, नुसता दोरा लांबतो आणि पानं फिकट होतात. दुपारच्या उन्हात ती जांभळट होऊन पुढे करपतात. पण खालून छान आणि वरून टक्कल पडलेली वेल का होते, याचं उत्तर तुम्ही दिलंत तेव्हा पटलं: कुंडी छताजवळ टांगली की खिडकीचा उजेड लोंबणाऱ्या भागाला मिळतो, मातीच्या तोंडाला मिळतच नाही. कुंडीचा काठ खिडकीच्या वरच्या चौकटीच्या खाली आणला की निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं काम गाठींचं. जुन्या वेलीवर पेरांपाशी वाटाण्याएवढ्या करड्या गाठी धरतात. त्या म्हणजे छोटे कंदच. त्या तोडायच्या नाहीत. गाठ असलेली वेल उचलून कुंडीच्याच मातीवर ठेवायची, केसांच्या यू-पिनने दाबायची, गाठ अर्धी मातीत टेकलेली. मातीचा वरचा थर फवारणीने किंचित ओलसर ठेवला की तीन-चार आठवड्यांत खाली मुळं आणि वर नवा कोंब. आई-वेलीचं पाणी मिळत राहतं, त्यामुळे मरतुक अगदी कमी. गाठ नसेल तर पानांच्या जोडीच्या दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर देठ ठेवून तुकडे कापायचे, दिवसभर सुकू द्यायचे आणि पेर मातीला टेकेल असे पसरायचे. फुटतं ते पेरातून. नुसतं पान रोवून सहसा वेल होत नाही. वेली सोडवताना गुंता ओढायचा नाही. तुम्ही कुंडीसकट वेल टेबलावर आडवी केलीत आणि एकेक दोरा टोकाकडून सोडवून पुठ्ठ्याभोवती गुंडाळलात, ते हात आम्हाला अजून दिसतात.

कीड दोनच प्रकारची त्रास देते. पेरांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण: कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून टिपून काढायचे, दर पाच-सहा दिवसांनी, तीन वेळा तरी. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा आला, तर तो बहुधा रुईवरचाच, कारण दोघी एकाच कुळातल्या. पाण्याच्या धारेने धुऊन, लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन-तीन थेंब घालून संध्याकाळी फवारायचं.

फुलं आली तेव्हा तुम्ही भिंग दिलंत, त्याचे वेगळे आभार मानायला हवेत. अडीच-तीन सेंटिमीटरचं फिक्या जांभळ्या नळीचं फूल, वरती पाच गडद पाकळ्या टोकांशी जुळलेल्या, अगदी कंदिलाच्या पिंजऱ्यासारख्या. नळीत खाली वळलेले केस. बारीक माशी आत उतरते, केस तिला परत चढू देत नाहीत, आणि ते कोमेजल्यावर ती परागकण घेऊन सुटते. "ही आपल्या कंदीलपुष्पाची बहीण," असं तुम्ही म्हणालात तेव्हा आमच्यातल्या निम्म्यांना सह्याद्रीतली खरचुडी, म्हणजे हेच कंदीलपुष्प, ठाऊकच नव्हती. दोघींच्या या सेरोपेजिया वंशाच्या कितीतरी जाती फक्त आपल्या पश्चिम घाटात उगवतात, पावसात फुलतात आणि पाऊस संपला की कंद जमिनीखाली झोपी जातो. काहींची संख्या इतकी रोडावली आहे की कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात त्या मुद्दाम जपल्या जातात. गडावर ते फूल दिसलं तर फोटो काढा, कंद उकरून कुंडीसाठी आणू नका, हे तुम्ही दोनदा बजावलंत. आमच्या गटाने ते नियम म्हणून लिहून लावलं आहे.

नऊपैकी सात कुंड्या उभ्या राहिल्या. ज्या दोन गेल्या त्यांच्या वेलींपासून पाच रोपं झाली. त्यातली तीन तुमच्या बाकासाठी बाजूला काढून ठेवली आहेत, कंद अर्धे बाहेर, बुडाला बशी नाही. रविवारी सकाळी घेऊन येतो.

आपले नम्र,
सोसायटीचा गच्चीबाग गट, पुणे