इम्प्लांटचे गणित: भाकिताआधी पडताळणी

महोदय,

कृत्रिम सांध्यांविषयीच्या आपल्या लेखात ‘इम्प्लांट हाडात किती घट्ट बसेल हे संगणक आधीच सांगेल’ असे विधान आहे. ते घाईचे वाटते.

इम्प्लांटला (शरीरात बसवलेल्या कृत्रिम भागाला) हाड धरणार की मऊ तंतुमय ऊती, हे बऱ्याच अंशी सुरुवातीच्या आठवड्यांत हाड आणि इम्प्लांट यांच्यात होणाऱ्या सूक्ष्म हालचालीवर ठरते. ती साधारण ५० मायक्रोमीटरच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रोमीटर म्हणतात) आत राहिली तर हाड पृष्ठभागाला धरते. १५० च्या पुढे गेली की बहुधा मऊ थर तयार होतो आणि इम्प्लांट सैल राहते. हे सारे संगणकावर मांडणाऱ्या गणिती प्रारूपात (मॉडेलमध्ये) पेशींची वाढ, त्यांचे स्थलांतर आणि वाढीला चालना देणाऱ्या रेणूंचा प्रसार आंशिक अवकल समीकरणांनी (स्थळ आणि काळानुसार होणारा बदल सांगणाऱ्या समीकरणांनी) मांडतात, तर भारामुळे ऊतींवर येणारा ताण फायनाइट एलिमेंट पद्धतीने, म्हणजे रचनेचे लहान लहान तुकडे कल्पून, काढतात. ताणानुसार पेशींचे वर्तन बदलते, पेशींनी हाड घडवले की ऊतींचा ताठरपणा बदलतो आणि त्यासरशी ताणही, म्हणून ही दोन्ही गणिते टप्प्याटप्प्याने पुन्हापुन्हा एकत्र सोडवावी लागतात. (टायटॅनियम सशाच्या हाडात घट्ट बसल्याचे स्वीडिश संशोधक ब्रॉनेमार्क यांना १९५०च्या दशकात दिसले, ते मात्र कोणत्याही समीकरणाविना.)

इम्प्लांटच्या दोन रचनांपैकी बरी कोणती, हे ठरवण्यास अशी प्रारूपे खरोखर उपयोगी आहेत. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ताठरपणा सुमारे ११० गिगापास्कल (ताठरपणा मोजण्याचे एकक), तर हाडाच्या कठीण कवचाचा १५ ते २०; त्यामुळे मांडीच्या हाडात बसवलेला कृत्रिम खुब्याचा दांडा भार स्वतःवर घेतो आणि भोवतालचे हाड विरळ होते. हाड भारानुसार घडते हे जर्मन शल्यचिकित्सक वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडले होते. ते कुठे आणि किती विरळ होईल याचा अंदाज प्रारूपाने येतो.

एखाद्या विशिष्ट रुग्णाचे काय होईल, हा प्रश्न वेगळा आहे. समीकरणांतील अनेक गुणांक (पेशींच्या वाढीचा वेग यांसारखे आकडे) प्राण्यांवरील किंवा प्रयोगशाळेतील प्रयोगांतून घेतलेले असतात; वय, मधुमेह, धूम्रपान यांचा परिणाम त्यांत क्वचितच नीट उतरतो. शिवाय वेगवेगळी गृहीतके धरलेली प्रारूपे एकाच निरीक्षणाशी सारखीच जुळू शकतात. तेव्हा ज्या माहितीवरून गुणांक बसवले तिच्याशीच उत्तर जुळले, याला पडताळणी म्हणता येणार नाही.

अशा संशोधनाची बातमी देताना प्रारूप कोणत्या स्वतंत्र माहितीवर तपासले, हे आपण अवश्य छापावे. वैद्यकीय उपकरणांच्या संगणकीय प्रारूपांसाठी अमेरिकी यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने २०१८ मध्ये केलेल्या मानकातही, किती पडताळणी पुरेशी हे प्रारूप चुकल्यास रुग्णाला पोहोचणाऱ्या हानीवरून ठरवावे, असेच सूत्र आहे.

आपला,
एक वाचक