अक्काचं क्रोनुल्लाहून पत्र

क्रोनुल्ला, सिडनी
जानेवारी

चि. बाळू आणि चि. सौ. मंगल यांना अनेक आशीर्वाद. आईला शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आई नुसतं "हं, हं" करते आणि मग तुझ्या हातात देते, म्हणून लिहायला बसले. मंगल, सावकाश आणि मोठ्यानं वाचून दाखव. एक परिच्छेद सोडून. कुठला ते पुढे लिहिलंय.

पहिलं म्हणजे, मी एकटी पडलेली नाही. हे कुणी तुमच्या डोक्यात भरवलं? मुलगा-सून कामावर जातात, नातू शाळेत जातो, हे खरं. पण सोलापुरात तरी दुपारी माझ्याशी कोण बोलत होतं? इथं निवृत्त लोकांचा प्रोबस क्लब आहे, त्यात मला घेतलंय. महिन्यातून एकदा सगळे जमतात. चहा-बिस्किटं होतात, बाहेरून कुणी वक्ता येतो, सहलीची नावं लिहून घेतात. वर्गणी गोळा करून समाजकार्य वगैरे काही नाही. निवृत्तांनी एकमेकांची सोबत करायची, एवढंच. ऑस्ट्रेलियातला पहिला असा क्लब सिडनीतल्याच हंटर्स हिलला १९७६ साली निघाला. मी तेव्हा दयानंद कॉलेजात होते. हुतात्मा बागेत आपले ज्येष्ठ बसतात तसंच, फक्त अध्यक्षपदावरून भांडणं नाहीत. निदान मला कळेल अशा इंग्रजीत तरी नाहीत.

आता समुद्राचं. आईला सांग, मी पोहत नाही. घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहते, तेही साडी खोचून. वाळूत लाल-पिवळे झेंडे रोवलेले असतात, त्या दोन झेंड्यांच्या मधेच लोकांनी उतरायचं आणि जीवरक्षक लक्ष ठेवून बसतात. रेल्वे इथंच संपते. स्टेशनातून बाहेर पडलं की एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला गन्नामट्टाची खाडी. खाडीतून पलीकडच्या बंडीनाला बोट जाते, तिथून जंगल सुरू होतं. आमच्या क्लबाची सहल तिथंच गेली होती. किनाऱ्यानं उंच पाइनची झाडं आहेत, त्यांच्या सावलीत आम्ही बायका बसतो. ऊन मात्र आपल्या मे महिन्यापेक्षा वेगळं, अंगाला टोचणारं. टोपी आणि क्रीम दोन्ही लावते, काळजी नको.

(मंगल, हा पुढचा भाग मनात वाच.)

शुक्रवारी संध्याकाळी इथल्या क्लबांत मटणाची सोडत निघते. हो, मटणाचीच. आधी मलाही थट्टा वाटली. एक माणूस टेबलाटेबलावर फिरून नंबराची तिकिटं विकतो. तिकीट डॉलर-दोन डॉलरचं. मग माइकवर नंबर पुकारतात आणि ज्याचा लागेल त्याला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला ट्रे मिळतो. त्यात चॉप, सॉसेज, कधी अख्खी कोंबडी. पैसे मुलांच्या फुटबॉलला किंवा जीवरक्षकांच्या संस्थेला जातात. मी विचारलं, मग सरळ देणगी का देत नाही? त्यांना प्रश्नच कळला नाही. समुद्राकडे तोंड असलेल्या घरात राहणारी ही माणसं, खाटीक कोपऱ्यावर, आणि सहा सॉसेज मिळाले की भिशी लागल्यासारखी टाळ्या पिटतात. शेजारीण म्हणाली, तिच्या आजोबांच्या वेळेपासून हे चालू आहे. तर, तिनं माझंही तिकीट घेतलं आणि नंबर माझा लागला. गळ्यात लिंग आणि हातात मटणाचा ट्रे, अशी मी स्टेजवर! फोटो काढलाय त्यांनी. ट्रे तिलाच दिला. घरी येऊन अंघोळ केली, विचारू नकोस.

(आता पुन्हा मोठ्यानं.)

पुढच्या महिन्यात क्लबात मी बोलणार आहे. त्यांना भारतीय स्वयंपाकावर हवं होतं. मी म्हटलं, इतिहास शिकवत आले, तोच सांगेन. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात इंग्रजांचं राज्य काही दिवस उरलं नव्हतं, मग मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं. चार पुतळ्यांचा चांगला फोटो काढून पाठव, मोटारसायकली मध्ये न येतील असा.

सिद्धेश्वराच्या यात्रेला येत नाही, हे तुम्हाला कळलंच असेल. संमती कट्ट्यावर अक्षता पडतील तेव्हा व्हिडिओ लाव, आईला पुढे बसव. मंगल, रात्री दोनदा उठून आईची कूस बदलतेस, हे बाळूनं नाही, तुझ्या पोरीनं सांगितलं. मी इथं बसून पाइनच्या सावलीचं कौतुक लिहितेय. असो. रात्रीसाठी बाई ठेवा. माझी पेन्शन तिथं नुसती साचतेय, बाळूचं नाव खात्याला आहे, विचारत बसू नको, काढ. "अक्काचे पैसे नकोत" हे पुन्हा ऐकायचं नाही.

व्हिसा पाच वर्षांचा आहे, म्हणून पाच वर्षं राहणार असं नाही. पण पोरीचं लग्न मेमध्ये धरताय आणि सूनबाईचे दिवसही तेव्हाच भरतात. तिच्या आईला गुडघ्यांमुळे येता येत नाही. दुसरं कुणी नाही गं. मी तिथं नसले तरी माझ्या पाटल्या पोरीच्या हातात दिसल्या पाहिजेत. लॉकरची किल्ली मंगलकडेच आहे. मोडून नवीन करू नका, जुनं सोनं जड आहे.

मुलगा फोटोत बरा वाटतो. बार्शीची माणसं "काही नको, तुमच्या हौसेनं करा" म्हणाली ना? बाळू, त्या हौसेचा आकडा सुपारी फोडायच्या आधी विचारून घे, आणि मला लगेच कळव. तुमचे दुपारचे साडेतीन म्हणजे माझे रात्रीचे नऊ, जागी असते.

तुमची,
अक्का