रक्षाताई, आपला संघ अजून आउटरलाच उभा आहे

प्रति,
मा. रक्षाताई खडसे,
केंद्रीय युवक कल्याण व क्रीडा राज्यमंत्री

विषय : फुटबॉल प्रशिक्षकांचा डी-लायसन्स (पहिल्या पायरीचा परवाना) कोर्स खान्देशात आणि मराठीत घेण्याबाबत

ताई, सप्रेम नमस्कार.

मी भुसावळचा, म्हणजे तुमच्याच रावेर मतदारसंघातला. पत्र केळीच्या भावाचं नाही, पीक विम्याचंही नाही. फुटबॉलचं आहे. "फुटबॉल? आन् आपल्याकडे?" म्हणून हसणाऱ्यांनी हसून घ्यावं, आम्हाला सवय आहे.

१४ ऑक्टोबर २०२५. आशियाई करंडकाची पात्रता फेरी, भारत विरुद्ध सिंगापूर, गोव्यात फातोर्ड्याला. मित्राच्या झेरॉक्सच्या दुकानात शटर अर्धं ओढून आम्ही सात-आठ जण एका मोबाइलवर मॅच बघत होतो. चौदाव्या मिनिटाला छांगतेने गोल मारला तेव्हा असा गलका झाला, की शेजारचा भेळवाला आत डोकावून गेला. मग सिंगापूरच्या सोंग उई-यंगने मध्यंतराच्या तोंडावर एक आणि मध्यंतरानंतर एक गोल मारला आणि २०२७ च्या स्पर्धेचं दार आपल्याला बंद झालं. बरोबरी साधायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ हातात होता. पण आमच्या डोळ्यांसमोर राहिलं ते एवढंच : बॉल आला की आधी अडवायचा, मग मान वर करायची, मग द्यायचा कुणाला ते शोधायचं. तोवर समोरचे आपापल्या जागेवर येऊन उभे. आमच्यात एक लोको पायलट आहे. तो म्हणाला, "गाडी आउटरला उभी आहे भो. इंजिन चालू, पण सिग्नल कोणी देईना." आउटर म्हणजे काय, हे भुसावळला येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. स्टेशन दिसत असतं, फलाट दिसत असतो आणि गाडी हलत नाही.

महिनाभराने, नोव्हेंबरात, ढाक्यात बांगलादेशकडून १-० ने हरलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्या रात्री दुकानात तिघंच होतो.

हरल्यावर प्रशिक्षकाला 'कालबाह्य' म्हणत शिव्या घालायचं काम आम्हीही मनापासून केलं. स्टिमॅच पाच वर्षं होते, मार्केझ एक वर्ष, २०२५ च्या ऑगस्टपासून खालिद जमील. क्रोएशियाचा झाला, स्पेनचा झाला, आता आपला आहे. जमीलनी २०१७ साली मिझोरामच्या ऐजॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली अव्वल लीग, जिंकून दिली होती, त्यामुळे त्यांना बोल लावताना माझी तरी जीभ अडखळते. तीन प्रशिक्षक बदलले आणि चाल तीच राहिली, तर दोष वरच्या माणसातच शोधत बसायचं का?

त्याच नोव्हेंबरात क्युरासाओ नावाचा देश २०२६ च्या वर्ल्डकपला पात्र ठरला. तिथली लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपलं भुसावळ शहर १ लाख ८७ हजारांचं होतं. ही बातमी मी दुकानात वाचून दाखवली तेव्हा कोणी काही बोललंच नाही. कालबाह्य प्रशिक्षक म्हणजे म्हातारा प्रशिक्षक, असा ज्यांचा समज आहे त्यांनी हेही ऐकावं : त्या संघाचे प्रशिक्षक डिक अ‍ॅडव्होकाट तेव्हा ७८ वर्षांचे होते. आता कोणी म्हणेल, त्यांचे बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मलेले आणि तिथेच वाढलेले. अगदी बरोबर. माझंही म्हणणं तेच आहे. आठव्या-दहाव्या वर्षी ते कोणाच्या हाताखाली होते, हे बघा.

आपला खेळ संथ आहे असं म्हणतात. पण फुटबॉलमधला वेग म्हणजे नुसती धाव नव्हे. पायांचं म्हणाल तर सातपुड्यातल्या पाड्यावरचं पोरगं रोज चढ-उतार करून शाळेत जातं, त्याला कसली धाव शिकवता? बॉल येण्याआधी दोनदा खांद्यावरून मागे बघून घ्यायचं, अंग अर्धं वळवून बॉल घ्यायचा आणि पहिल्याच स्पर्शात तो मोकळ्या जागेकडे न्यायचा. एवढ्याने दोन सेकंद वाचतात. फुटबॉलमध्ये दोन सेकंद म्हणजे खूप झाले. ही सवय दहा-बारा वर्षांच्या वयात लागते. पंचविशीतल्या खेळाडूला राष्ट्रीय शिबिराच्या दहा दिवसांत ती कोण लावणार?

आता आमच्या मैदानावर काय चालतं ते सांगतो. शाळेचं नाव घेत नाही, कारण सर भला माणूस आहे आणि मीही त्यांच्याच हाताखाली खेळलोय. आधी ग्राउंडला पाच राउंड. मग दोन रांगा. एक बॉल, वीस पोरं. रांगेतून एकाने पुढे यायचं, किक मारायची, मागे जाऊन उभं राहायचं. तासाभरात एका पोराच्या पायाला बॉल किती वेळा लागत असेल? मॅचमध्ये सूचना एकच : "लांब ठोक!" शाळांच्या सुब्रतो कप स्पर्धेच्या जिल्हा फेरीत आम्ही हेच केलं होतं. परवा माझा पुतण्या त्याच फेरीत खेळला, तेव्हा रेषेबाहेरून तीच आरोळी ऐकली. मधे पंचवीस वर्षं गेली. सरांना दोष कसा देऊ? त्यांना नवं काही कोणी दाखवलंच नाही. खो-खो, कबड्डी, अ‍ॅथलेटिक्स आणि वर इलेक्शन ड्युटी, हे सगळं एका माणसाच्या गळ्यात.

आणि शाळेच्या मास्तराकडून होत नाही असंही नाही. सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे शाळामास्तरच होते. १९५२ साली हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ ने धुतलं. रहीम साहेबांनी तिथे हंगेरीचा खेळ पाहिला आणि परत येऊन स्वतःचं शिकवणं बदललं. ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा ते भरवायचे, म्हणजे बॉल आला की लगेच द्यायचाच. चार वर्षांनी मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये आपण चौथे आलो. नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली ती तिथेच. १९६२ ला जकार्तात दक्षिण कोरियाला हरवून एशियाडचं सुवर्ण आणलं. त्यानंतर एशियाडमध्ये आपल्याला फुटबॉलचं सुवर्ण मिळालेलं नाही.

ताई, तुमच्या-माझ्या भागातला केळी उत्पादक घ्या. त्याचा आजा कंद लावायचा आणि पाटाने पाणी द्यायचा. नातू टिश्यूकल्चरचं रोप लावतो आणि ठिबकने खत सोडतो. मजूर बदलून उत्पादन वाढलं नाही, पद्धत बदलली म्हणून वाढलं. ती पद्धत बांधावर येऊन कोणीतरी दाखवली होती. फुटबॉलमध्ये आमचं अजून पाटपाणीच चाललंय, आणि घड लहान पडला की आपण पाट धरणाऱ्याला काढतो.

संघ मंत्रालयाने निवडावा असं मी मुळीच म्हणणार नाही. बाहेरचा हस्तक्षेप झाला म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने आपल्या महासंघाला निलंबित केलं होतं, ती नाचक्की पुन्हा नको. माझं मागणं त्याहून फार छोटं आहे. प्रशिक्षकाच्या लायसन्सची पहिली पायरी म्हणजे डी. त्याच्या वर सी, बी, ए आणि प्रो. हा डीचा कोर्स आठवड्याभराचा. आमच्यातल्या एकाने तो मुंबईला जाऊन केला. फी भरली, लॉजवर राहिला, कामावर बिनपगारी रजा टाकली. वर्गात सगळं इंग्रजीत, त्यामुळे निम्मं डोक्यावरून गेलं असं तोच सांगतो. तरी परत आल्यावर त्याने पहिल्याच दिवशी रांगा मोडल्या. चार-चारचे गट केले, प्रत्येक गटाला एक बॉल आणि मधे एक जण पकडायला. पोरं घरी जायला तयार नव्हती.

हा कोर्स वर्षातून एकदा जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आळीपाळीने, मराठीत आणि उन्हाळी सुट्टीत व्हावा. पीटीच्या शिक्षकांना त्यासाठी ऑन-ड्युटी रजा मिळावी. महासंघाला आणि राज्याच्या क्रीडा खात्याला एका टेबलावर बसवणं तुमच्या पदाला जमण्यासारखं आहे. खेलो इंडियाच्या केंद्रांवर माजी खेळाडूंनाच प्रशिक्षक नेमतात ना, मग त्यांनाही याच कोर्सला बसवा. कोथळीच्या सरपंचपदापासून तुम्ही सुरुवात केलीय, तेव्हा कागद कुठे अडतो हे मी तुम्हाला काय सांगू?

दिल्लीहून मतदारसंघात याल तेव्हा एखाद्या रविवारी मैदानावर या. फक्त सहाला या. साडेसातला क्रिकेटवाले पिच मारायला येतात, आणि मेमध्ये तर त्यानंतर ऊन कोणालाच उभं राहू देत नाही.

आपला,
भुसावळचा एक फुटबॉलवेडा