गोठ्यातले कारखानदार

कँटरबरी, इंग्लंड

तीर्थरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

सईने पाठवलेल्या फोटोतले गुलाबी पट्ट्यांचे मांजर कोणते, असे तुम्ही विचारले होते. त्याचे नाव बॅगपस; इथल्या मुलांच्या एका जुन्या दूरचित्रवाणी मालिकेतले ते मुख्य पात्र. हा विषय फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही. आणि ज्यांनी वाड्याच्या गणपतीपुढे वर्षानुवर्षे पुठ्ठा, खळ आणि घोटीव कागद यांतून हलते देखावे उभे केले, त्यांना तर तो नीट, सविस्तरच सांगायला हवा.

इथे पन्नाशी-साठीच्या कोणापुढेही बॅगपसचे नाव काढावे आणि चेहरा कसा उजळतो ते पाहावे. आमच्या कार्यालयातले हिशेब पाहणारे एक गृहस्थ एरवी हवापाण्यापलीकडे काही बोलत नाहीत, पण परवा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी त्या मालिकेतल्या उंदरांचे गाणे उंदरांच्याच चिरक्या आवाजात म्हणून दाखवले आणि शेजारच्या टेबलावरच्या दोघींनी त्यांना साथ दिली.

ही मालिका दोघांनी मिळून केली. ऑलिव्हर पोस्टगेट गोष्टी लिहीत, बाहुल्या हलवून चित्रण करीत आणि निवेदनही स्वतःच करीत. पीटर फर्मिन चित्रे काढीत आणि बाहुल्या घडवीत. 1958 च्या सुमारास पोस्टगेट एका दूरचित्रवाणी कंपनीत रंगमंच-व्यवस्था पाहत होते. तिथे त्यांनी उंदराची एक गोष्ट थेट प्रक्षेपणात सादर करायला घेतली, आणि तिच्या चित्रांसाठी लंडनच्या एका कलाशाळेत शिकवणारे फर्मिन त्यांना मिळाले. टेबलाखाली लोहचुंबक फिरवून वरची पुठ्ठ्याची चित्रे सरकवायची, अशी ती युक्ती होती. चुंबक मध्येच निसटे, आणि प्रक्षेपण थेट असल्यामुळे ती फजिती घरोघरी दिसे. (तुमच्या कालियामर्दनातला नाग ऐन आरतीत उलटा फिरू लागला होता, ते आठवून मला फार हसू आले.) तेव्हा पोस्टगेट यांनी ठरवले की यापुढे फिल्मवर, एकेक चित्र टिपूनच काम करायचे. बाहुली केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा केसभर हलवायची. त्यासाठी त्यांनी 16 मिलिमीटरच्या कॅमेऱ्याला मेकॅनो या जोडणीच्या खेळण्याचे भाग लावून स्वतःच यंत्रणा तयार केली.

या उद्योगाला त्यांनी ‘स्मॉलफिल्म्स’ असे नाव दिले, आणि त्याचा कारखाना म्हणजे कँटरबरीपासून अगदी जवळ असलेल्या ब्लीन या गावी फर्मिन यांच्या शेतघरातला वापरात नसलेला गोठा. वेल्समधल्या आयव्हर नावाच्या रेल्वे इंजिनाची मालिका तिथे पुठ्ठ्याच्या रंगवलेल्या तुकड्यांतून झाली, आणि इंजिनाच्या वाफेचा आवाज पोस्टगेट तोंडाने काढीत. नॉगिन नावाच्या उत्तरेकडच्या राजाची मालिका फर्मिन यांना ब्रिटिश म्युझियममधली बुद्धिबळाची जुनी सोंगटी पाहून सुचली होती.

मला स्वतःला सर्वांत आवडते ती ‘द क्लँगर्स’. माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी, म्हणजे 1969 च्या नोव्हेंबरात, ती बीबीसीवर सुरू झाली. एका लहानशा ग्रहावर, जमिनीतल्या बिळांत राहणारे लांब नाकाचे गुलाबी प्राणी. त्यांची बिळे कचऱ्याच्या डब्याच्या झाकणासारख्या पत्र्यांनी झाकलेली असतात, ती आपटली की खणकन आवाज होतो, त्यावरून त्यांचे हे नाव. फर्मिन यांच्या पत्नी जोन यांनी हे सगळे कुटुंब लोकरीने विणले. हे प्राणी बोलत नाहीत, शिट्ट्या वाजवतात. पण प्रत्येक शिट्टीमागे इंग्रजीत लिहिलेले रीतसर संवाद होते आणि त्यांच्या चढउतारांप्रमाणे दांडी सरकवायची शिट्टी वाजवली जाई. एका भागात दार अडकते तेव्हा मेजर क्लँगरच्या तोंडी पोस्टगेट यांनी चक्क एक शिवी घातली. संहिता वाचून बीबीसीने आक्षेप घेतला, ऐकू तर केवळ शिट्टी येणार असली तरी! भाषेच्या शुद्धतेची एवढी काळजी आपल्या शाळेतल्या मास्तरांनीही कधी घेतली नसेल.

आता बॅगपसकडे येतो. 12 फेब्रुवारी 1974 रोजी त्याचा पहिला भाग दाखवला गेला, आणि एकूण भाग झाले अवघे 13. एमिली नावाच्या मुलीचे एक दुकान असते. त्यात विकायला काहीच नसते, तर हरवलेल्या, मोडलेल्या वस्तू आणून ती काचेमागे ठेवते, म्हणजे ज्याची त्याला ओळखू यावी. ही एमिली म्हणजे फर्मिन यांचीच मुलगी. सुरुवातीची चित्रे जुन्या फोटोंसारखी पिंगट. मांजर जांभई देऊन उठते, तेव्हा सारे रंगीत होते आणि दुकानातली चिंध्यांची बाहुली, बेडूक, उंदीर जागे होतात. मांजराचे कापड खरे तर नारिंगी व्हायचे होते, पण रंगवणाऱ्यांकडे घोटाळा झाला आणि गुलाबी कापड आले. या दोघांनी ते तसेच वापरले. पुस्तकांना टेकू देणारा लाकडी सुतारपक्षी प्राध्यापक याफल म्हणून वावरतो, आणि तो तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांच्यावर बेतलेला आहे.

एका भागात उंदीर एक खेळण्यातली गिरणी दुरुस्त करतात आणि पावाचा चुरा व घेवड्याचे दाणे घालून तिच्यातून चॉकलेटची बिस्किटे काढू लागतात. एकामागून एक बिस्किट बाहेर येते. प्राध्यापकमहाशय मागे जाऊन पाहतात, तर उंदीर एकच बिस्किट मागून नेऊन पुन्हा पुढून सोडत असतात! सईने हा भाग इतक्यांदा लावला आहे की तो आता आम्हा दोघांनाही तोंडपाठ आहे.

इतक्या थोड्या भागांवर एक पिढी पोसली गेली, कारण बीबीसी तेच पुन्हा पुन्हा दाखवत राहिली. 1999 मध्ये प्रेक्षकांनी मुलांच्या कार्यक्रमांत बॅगपसलाच पहिला क्रमांक दिला. माझ्या मते याचे श्रेय गोठ्याकडे जाते. तिथे डोकावून सूचना करणारा कोणी नव्हता, पैसा बेताचा होता, म्हणून वेळ गोष्टीवर खर्च झाला. या बाबतीत मला इथल्या लोकांचा थोडा हेवाही वाटतो. आपल्याला मुंबई दूरदर्शनचे ‘किलबिल’ आठवते, पण ते घडवणाऱ्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? इथे पोस्टगेट आणि फर्मिन ही नावे बॅगपसइतकीच लोकांच्या ओठांवर आहेत. केंट विद्यापीठाने 1987 मध्ये पोस्टगेट यांना मानद पदवी दिली, तेव्हा ती खरे तर बॅगपससाठीच आहे, असे ते म्हणाले.

पोस्टगेट 8 डिसेंबर 2008 रोजी ब्रॉडस्टेअर्स या समुद्रकाठच्या गावी वारले. फर्मिन त्यांच्यामागे जवळजवळ दहा वर्षे होते; 2015 मध्ये ‘द क्लँगर्स’ नव्याने सुरू झाली तिच्यातही त्यांचा सहभाग होता, आणि 1 जुलै 2018 रोजी ते गेले. नव्या मालिकेतले प्राणीही विणलेलेच आहेत. संगणकावर काढले असते तर सोपे गेले असते, पण मग सईने तुमच्या सूनबाईंकडे लोकरीचा हट्ट धरला नसता. गुलाबी लोकर आणली आहे, नाक मात्र अजून जमलेले नाही. काकूंना त्याची काही युक्ती सुचली तर कळवायला सांगा.

ती. काकूंना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमचा आज्ञाधारक,
सईचा बाबा