फॉर्म पाठवण्याआधी मला फोन कर

लक्ष्मीनगर, नागपूर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, व्हिएतनामचा व्हिसा ऑनलाइनच मिळतो, दहा मिनिटांचं काम आहे. निघायच्या आठवड्यात भरून टाकतो." तू ऑफिसच्या गाडीत होतास, सोबत मित्र होते, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. पण रात्रभर तेच डोक्यात होतं. फोनवर सांगायला गेले की तू "हो हो" म्हणतोस आणि गोष्ट तिथेच राहते, म्हणून लिहून पाठवते आहे. सावकाश वाच.

मागच्या वर्षी आम्ही दोघं गेलो तेव्हा काय झालं ते तुला मी पुरतं सांगितलंच नव्हतं. शोधात सगळ्यात वर जे पान आलं तेच मी उघडलं. वर झेंडा, खाली शिक्का, सगळं सरकारीच वाटलं. बाबांचा फॉर्म भरला आणि पैसे भरायच्या पानावर आले तर नव्वद डॉलर! वाटलं, असेल बाई एवढीच फी. भरले. चौथ्या दिवशी कागद आला, त्यात बाबांचं नाव आणि आडनाव होतं, मधलं नाव नव्हतं. आजोबांचं नाव गाळलेलं. त्या पानावर दिलेल्या फोनला उत्तर नाही, मेलला उत्तर नाही. शेवटी व्हिएतनाम सरकारच्या खऱ्या संकेतस्थळावर पुन्हा नव्याने अर्ज केला. तिथे एकदाच प्रवेशाच्या व्हिसाची फी पंचवीस डॉलर आहे. नव्वद गेले ते गेलेच. त्याहून जास्त लागलं ते हे, की निघायला नऊ दिवस उरले असताना बाबांची झोप उडाली होती, आणि ती माझ्या हातून उडाली होती.

म्हणून पहिली गोष्ट, पत्त्याची शेपटी बघ. खऱ्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट व्हीएन' असतं. नावात 'व्हिसा' आणि 'व्हिएतनाम' कितीही वेळा असो, शेवट तो नसेल तर पान बंद कर.

आता नावाचं. मी एकतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात बसले आणि दर वर्षी दहावीचे बोर्डाचे फॉर्म भरून घेतले. आधी आडनाव, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं, आईचं वेगळ्या रकान्यात. जनरल रजिस्टर एका हाताखाली आणि फॉर्म दुसऱ्या. तरी चूक व्हायची. एकदा एक बाई रडत आल्या होत्या. मुलाच्या गुणपत्रिकेवर आडनावात एक 'ए' जास्तीचा पडला होता, दाखल्यावर तो नव्हता, आणि दहा वर्षांनी त्या एका अक्षरापायी मुलाचा पासपोर्ट अडला होता. त्या दिवसापासून मी स्पेलिंग आठवणीतून लिहिणं सोडलं. समोर कागद ठेवायचा आणि एकेक अक्षर उतरवायचं.

तुझा पासपोर्ट काढ आणि फोटोच्या पानावर अगदी खालच्या दोन ओळी बघ. चव्वेचाळीस-चव्वेचाळीस खुणांच्या त्या दोन ओळी यंत्रासाठी असतात. वरच्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर तुझं आडनाव आहे, मग बाणाच्या टोकासारख्या दोन खुणा, मग तुझं नाव, एक खूण, आणि मग बाबांचं नाव. म्हणजे पासपोर्टाच्या हिशेबात बाबांचं नाव हे तुझ्याच नावाचा भाग आहे. जगात पुष्कळ ठिकाणी मधलं नाव ही हौस असते, आपल्याकडे तसं नाही. व्हिसाच्या फॉर्मवर 'गिव्हन नेम', म्हणजे 'दिलेलं नाव', असा जो रकाना येतो, त्यात तुझं आणि बाबांचं अशी दोन्ही नावं त्याच क्रमाने लिही. ऑफिसात तू बाबांचं नाव लावत नाहीस, मित्रांना ते माहीतही नसेल, पण इथे ते गाळू नकोस.

पासपोर्टचा नंबरही असाच जपून उतरव. तुझ्या नंबरात पहिलं एक इंग्रजी अक्षर आहे आणि पुढे सात आकडे. म्हणजे त्या सातांत जे गोल दिसेल ते शून्यच आहे, 'ओ' नाही. आणि जन्मठिकाण! तू जन्मलास अमरावतीला, माझ्या माहेरी, आणि पासपोर्टावरही अमरावतीच आहे. पण तू सगळीकडे बिनधास्त नागपूर लिहितोस. इथे अमरावती लिही.

पासपोर्टची शेवटची तारीखही तपासून घे. तिथे पोचल्याच्या दिवसापासून निदान सहा महिने शिल्लक हवेत. नवा काढावा लागणार असेल तर आधी तो काढ आणि मगच व्हिसाचा अर्ज कर. नव्या पासपोर्टचा नंबर वेगळा येतो आणि जुन्या नंबरावरचा व्हिसा मग कामाचा राहत नाही.

तुम्ही मधेच दोन दिवस कंबोडियाला अंगकोर वाटचं मंदिर बघायला जायचं म्हणत होता ना? मग एकदाच प्रवेशाचा व्हिसा घेऊ नकोस. व्हिएतनाममधून बाहेर पडलास की तो संपला, परत हनोईच्या विमानात बसू देणार नाहीत. अनेक वेळा प्रवेशाचा पन्नास डॉलरला आहे, तो घे. कंबोडियाचा व्हिसा वेगळा काढावा लागेल, तेही मित्रांना सांग. १५ ऑगस्ट २०२३ पासून व्हिएतनामचा ई-व्हिसा नव्वद दिवसांपर्यंत मिळतो, आणि दिवस कमी मागितले म्हणून फी कमी होत नाही. तेव्हा तारखा जरा सैल ठेव. मुंबईहून तुमचं विमान रात्रीचं आहे, उतराल दुसऱ्या दिवशी. तरी सुरुवातीची तारीख निघायच्या दिवसाचीच टाक. शेवटची तारीख परतीच्या पुढे आठवडाभर असू दे. पावसापाण्याने विमान रद्द झालं तर निदान व्हिसाची तरी काळजी नको.

फोटो चष्मा काढून, पांढऱ्या भिंतीपुढे. आणि पासपोर्टच्या पानाचा फोटो ट्यूबलाइटखाली घेऊ नकोस. मी घेतला होता, तर नेमका नंबरावर पांढरा पट्टा चमकत होता. मग सकाळी बाल्कनीत, तुळशीपाशी पाटावर पासपोर्ट ठेवला. ऊन थेट नव्हतं, नुसता उजेड होता. चारही कोपरे आणि खालच्या त्या दोन ओळी स्वच्छ आल्या.

पैसे कार्डानेच भर आणि आदल्या दिवशी बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू आहेत का ते बघ. २०२० पासून नव्या कार्डांवर ते बंदच असतात, आपल्याला चालू करावे लागतात. एकदा भरलेली फी परत मिळत नाही, व्हिसा नाकारला तरी. पैसे भरल्यावर नोंदणीचा जो क्रमांक येतो, तो वहीत लिहून मला पाठव. निकाल बघताना तो लागतो, ज्या ईमेलने अर्ज केला तो आणि जन्मतारीखही लागते.

कामाचे तीन दिवस लागतात असं म्हणतात. आमचा, त्या खऱ्या संकेतस्थळावरचा, सहाव्या दिवशी आला. तुम्ही नाताळात निघणार, तेव्हा सगळं जगच निघतं. म्हणून निघायच्या आठवड्यात नको, या रविवारीच बस. सकाळी नऊ वाजता मला व्हिडिओ कॉल लाव. तू पासपोर्टातून एकेक अक्षर मोठ्याने वाच, मी तुझ्या स्क्रीनवर बघून 'हो' म्हणेन. माझं 'हो' आल्याशिवाय शेवटचं बटण दाबू नकोस. बाबाही बसणार आहेत म्हणाले.

तुझी,
आई

ता. क. व्हिसा आला की त्याच्या दोन प्रती छापून घे. एक पासपोर्टात, एक बॅगेच्या वेगळ्या कप्प्यात. मुंबईला विमान कंपनीच्या काउंटरवरच तो मागतात आणि नेमकी तेव्हाच फोनची बॅटरी गेलेली असते. सांबारवडी करून कुणासोबत पाठवते, कोण येतंय पुण्याला ते कळव.